कस्टम एलिमेंटला स्टेट लायब्ररी जोडावी की नको? (निमित्त: केळी भावाचा फलक)

केळीचं_पान

मंडळी, एक अडकलेलं काम मांडतो. सावदा-रावेर पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांची छोटी-मोठी वेबकामं माझ्याकडे असतात. एकाची साइट जुन्या पीएचपीत आहे, दुसऱ्याची वर्डप्रेसवर. तिसरे निर्यातीचं बघतात, त्यांच्याकडे रिॲक्टमध्ये (पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) केलेलं ॲप आहे. तिघांना हवंय मात्र एकच: आजच्या भावाचा फलक, त्याखाली हिशेबाची चौकट (क्विंटल टाका, रक्कम बघा) आणि गेल्या काही दिवसांचा आलेख.

तेच तेच तीनदा लिहायचा कंटाळा, म्हणून ब्राउझरचेच कस्टम एलिमेंट (आपण नाव देऊन बनवलेले एचटीएमएल टॅग) वापरून तीन टॅग केले. पानावर टॅग टाकला, खाली एक स्क्रिप्ट जोडली, की कुठेही चालतं. इथपर्यंत छान.

गाडी अडली ती पुढे. दुपारी भाव बदलला की तिन्ही टॅगना एकाच वेळी कळायला हवं. सध्या मी सगळा डेटा जेसन करून (म्हणजे मजकुरात बदलून) टॅगच्या ॲट्रिब्यूटमध्ये कोंबतो, प्रत्येक टॅग तो उलगडतो आणि आपलं आतलं एचटीएमएल पुन्हा लिहितो. चालतं, पण बघवत नाही. म्हणून एखादी स्टेट लायब्ररी (बदलती माहिती एका जागी ठेवून सगळ्यांना कळवणारा तयार कोड) घ्यावी म्हणतो. रिडक्स, मॉबएक्स, झुस्टांड, नॅनो स्टोअर्स, प्रिॲक्टचे सिग्नल्स... नावं वाचूनच दमलो.

प्रश्न असा: यातलं काय घ्यावं, आणि ते एलिमेंटला नेमकं कुठे जोडावं? "सगळीकडे रिॲक्ट घाल" हा सल्ला कृपया नको. पीएचपीवाल्या अप्पांचं पान अजूनही एका जुन्या फोनवर उघडलं जातं आणि तो फोन मला दिसतो.

(इथला एडिटर तिरके कंस गिळतो, त्यामुळे कोड शब्दांतच लिहावा लागणार.)

शेवभाजी_तिखट

पहिला! मुरमुरे घेऊन बसलोय. येऊ द्या.

भुसावळ_जंक्शन

लायब्ररी कशाला लागते भो? ब्राउझरमध्ये इव्हेंटटार्गेट आहे, म्हणजे इव्हेंट (बदलाचे निरोप) सोडायची आणि ऐकायची सोय. त्याला वाढवून एक क्लास करा. आत एक वस्तू ठेवा, एक 'बदल' नावाची पद्धत लिहा. ती वस्तू बदलेल आणि एक इव्हेंट सोडेल. तिन्ही टॅग तो इव्हेंट ऐकतील. वीस ओळींत काम खलास.

ऐकणं सुरू करायचं कनेक्टेडकॉलबॅकमध्ये (टॅग पानावर आला की ब्राउझर हे चालवतो), बंद करायचं डिसकनेक्टेडकॉलबॅकमध्ये (पानावरून गेला की हे). बंद करायची सोपी युक्ती: जोडताना एक अबॉर्टकंट्रोलर तयार करा आणि ॲडइव्हेंटलिसनरला त्याचा सिग्नल द्या. टॅग पानावरून गेला की एकदा अबॉर्ट म्हणा, सगळे लिसनर एका फटक्यात सुटतात.

वर्षभरात लायब्ररीच्या दोन आवृत्त्या बदलतात, इव्हेंटटार्गेट तिथेच असतो.

मेहरूण

जंक्शनभाऊंचं मूळ म्हणणं पटतं, पण धागाकर्त्याकडे हिशेबाची चौकट आहे हे विसरू नका. तिथे गणित आहे. भाव बदलला की रक्कम बदलते, क्विंटल बदललं तरी रक्कम बदलते, मालाची प्रत बदलली तर भावच वेगळा. इव्हेंटवर चालायचं तर "कशामुळे काय बदलतं" ही यादी डोक्यात ठेवावी लागते. आज तीन गोष्टी आहेत, दिवाळीपर्यंत नऊ होतील, आणि एखादी दुरुस्त करायची राहून जाईल. पानावर भाव नवा आणि रक्कम जुनी दिसली तर फोन तुम्हालाच येणार.

सिग्नल्सचा (बदलल्या की स्वतः कळवणाऱ्या किंमती) फायदा नेमका इथे. 'भाव' हा एक सिग्नल, 'क्विंटल' हा दुसरा. 'रक्कम' ही गणित करून निघणारी किंमत, म्हणजे कंप्युटेड. गणित करताना कोणकोणते सिग्नल वाचले हे लायब्ररी स्वतः टिपून घेते, यादी तुम्ही ठेवायची नाही. ही कल्पना काही आजची नाही. नॉकआउट या जुन्या लायब्ररीत २०१० साली ऑब्झर्वेबल आणि कंप्युटेड (तेव्हाचं नाव डिपेंडंट ऑब्झर्वेबल) होतेच. मॉबएक्स त्याच घराण्यातलं. प्रिॲक्टवाल्यांनी २०२२ मध्ये सिग्नल्स काढले आणि त्यांचा गाभा प्रिॲक्टशिवायही वापरता येतो, आकारही अगदी लहान.

रिडक्सची गोष्ट वेगळी. ते २०१५ चं, एकच मोठं स्टोअर (सगळी माहिती ठेवायची जागा). काहीही डिस्पॅच झालं (बदलाचा निरोप गेला) की ऐकणाऱ्या सगळ्यांना हाक जाते, आपल्या कामाचं बदललं का ते ज्याने त्याने तपासायचं. मोठ्या ॲपमध्ये त्या शिस्तीला किंमत आहे. तीन टॅगसाठी मी घेणार नाही.

पांझराकाठ

मेहरूणताईंचं ज्यांच्या डोक्यावरून गेलं त्यांच्यासाठी धुळ्याच्या भाषेत सांगतो. विहिरीवरच्या मोटरीला आपण ऑटो लावतो. रात्री दोनला लाइट आली तरी मोटर आपोआप सुरू, माणूस घरी झोपलेला. सिग्नलचा इफेक्ट (सिग्नल बदलला की आपोआप चालणारं फंक्शन) म्हणजे तो ऑटो. लाइट म्हणजे भाव.

आता शेत विकलं पण ऑटो काढायचा राहिला, तर? रोज रात्री पाणी दुसऱ्याच्या वावरात. टॅग पानावरून काढला आणि इफेक्ट बंद केला नाही की हेच होतं. दिसत काही नाही, पण स्टोअरने त्या टॅगचा हात धरून ठेवलेला असतो, त्यामुळे मेमरीतून तो जात नाही. एकाच पानात राहणाऱ्या ॲपमध्ये माणूस दिवसभर इकडून तिकडे फिरतो आणि असे मेलेले फलक मागे साचत जातात.

शेवभाजी_तिखट

पांझराकाठ भाऊ, भारी शे भो. पण आमच्याकडे लाइटच येत नाही, मग इफेक्ट काय चालणार?

भुसावळ_जंक्शन

अबॉर्टकंट्रोलरचा सिग्नल वेगळा, प्रिॲक्टचा सिग्नल वेगळा, आणि आमच्या आउटरला गाडी अर्धा तास उभी करणारा तिसराच. नवीन पोरांनी गोंधळ करू नये.

चोपडेकर

तुम्ही सगळे लिट का विसरता? कस्टम एलिमेंट लिहायचीच लायब्ररी, गूगलच्या पॉलिमरच्याच चमूने पुढे आणलेली, २०२३ पासून तिसरी आवृत्ती चालू आहे, आकार साधारण पाच केबी. एलिमेंटच्या प्रॉपर्टी आधी जाहीर करायच्या, बदलल्या की ते पुन्हा रेंडर करतं, म्हणजे पडद्यावर काढतं. एका दमात पाच प्रॉपर्टी बदलल्या तरी रेंडर एकदाच, कारण ते काम मायक्रोटास्कमध्ये (चालू कोड संपला की लगेच) ढकललेलं असतं. तेही सगळं एचटीएमएल पुसून नव्हे, टेम्प्लेटमधली बदलणारी जागा तेवढीच.

स्टोअर जोडायलाही सोय आहे: रिॲक्टिव्ह कंट्रोलर. होस्टकनेक्टेडमध्ये सबस्क्राइब, होस्टडिसकनेक्टेडमध्ये सोडायचं, मध्ये बदल आला की होस्टला (म्हणजे त्या टॅगला) रिक्वेस्टअपडेट म्हणायचं. कंट्रोलर एकदा लिहिला की तिन्ही टॅगना एकेका ओळीत लागतो. स्टोअर मॉबएक्सचं असो, झुस्टांडचं असो, नाहीतर जंक्शनभाऊंच्या वीस ओळींचं. कंट्रोलरला घेणंदेणं नाही.

केळीचं_पान

बापरे, जेवून येईपर्यंत एवढं! सगळ्यांना धन्यवाद.

एक आधीच विचारतो. हिशेबाच्या चौकटीत माणूस क्विंटल टाइप करत असतो आणि नेमका तेव्हाच भाव आला तर कर्सर उडतो, टाइप केलेलंही कधी कधी जातं. पीएचपीवाल्या अप्पांनी याच कारणाने मला दोनदा वर्दी दिली आहे. लायब्ररीने हे सुटेल का?

मेहरूण

लायब्ररीने आपोआप सुटणार नाही. तुम्ही आतलं सगळं एचटीएमएल पुन्हा लिहिता, म्हणजे जुना इनपुट मरतो आणि त्या जागी नवा जन्मतो. फोकस जुन्यावर होता. मराठी कीबोर्डने अर्धा शब्द टाइप झालेला असेल तर तोही त्याच्याबरोबर गेला.

उपाय: टेम्प्लेट (एचटीएमएलचा साचा) पहिल्यांदा एकदाच क्लोन करायचं. भाव दाखवणारा स्पॅन, रक्कम दाखवणारा स्पॅन पकडून ठेवायचे. मग प्रत्येकाला छोटा इफेक्ट द्यायचा, जो फक्त त्या स्पॅनचा मजकूर बदलेल. इनपुटला कुणी हात लावायचा नाही. लिट घेतलंत तर हेच ते तुमच्यासाठी करतं. सिग्नल्स थेट वापरलेत तर तुम्हाला करावं लागेल, पण फलक केवढा? आठ-दहा जागा. हाताने होतं.

अजून एक. सर्व्हरकडून तिन्ही प्रतींचे भाव एकदम येतात ना? तीन सिग्नल एकापाठोपाठ बदललेत तर प्रिॲक्ट सिग्नल्समध्ये इफेक्ट प्रत्येक बदलाला लगेच चालतो. तिन्ही बदल बॅच या फंक्शनमध्ये गुंडाळा, मग एकदाच चालेल.

आबा_रावेर

पोरांनो, मी केळीवाला मानूस. भाच्यानं हा धागा दाखवला म्हनून लिहितो. तुमचं निम्मं मले समजलं नाही. पन येक सांगू का? बोर्डावर जो भाव लागतो अन् बागात जो सौदा होतो, ते दोन वेगळे. नवतीले (नव्या लागणीच्या मालाले) येक भाव, पिलबागले (खोडव्याले) येक, वापसीले कोनी इचारत नाही. वरून भावाच्या बाहेर धरतात तो फरक. अन् समोरच्याची नजर बुऱ्हानपूरच्या लिलावाकडं. तुमच्या त्या खिडकीत शेतकरी क्विंटल टाकीन, रक्कम पाहीन, अन् हातात पडीन तिसरंच. मंग शिव्या कोनाले?

शेवभाजी_तिखट

आबांनी एका परिच्छेदात सगळ्या लायब्ऱ्या झोपवल्या. __/\__

पांझराकाठ

आबा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आम्ही लोक "सत्याचा स्रोत एकच असावा" असं पाठ म्हणतो. इथे सत्यंच दोन आहेत.

केळीचं_पान

आबा, नमस्कार. तुम्ही बोललात ते खरं आहे. मी फरक हा भावातच मिसळून टाकला होता, कारण सर्व्हरकडून तसाच एक आकडा येतो. आता असं करतो: जाहीर भाव ही एक किंमत, तिला हात लावायचा अधिकार फक्त सर्व्हरला. फरक, घट, मजुरी या सौद्याच्या किंमती, त्या शेतकऱ्याने स्वतः टाकायच्या. रक्कम दोन्हींवरून निघेल आणि शेजारी स्पष्ट लिहिलेलं असेल की हा अंदाज आहे.

म्हणजे मेहरूणताई, यादी आजच नऊच्या पुढे गेली.

मेहरूण

म्हटलं होतं ना!

या वाटणीचा आणखी एक फायदा बघा. जाहीर भाव पानावरच्या सगळ्या टॅगना सामाईक, तो स्टोअरमध्ये. सौद्याच्या किंमती त्या एका चौकटीच्या, त्या एलिमेंटच्या आतच राहू द्या. एकाच पानावर दोन चौकटी टाकल्या (समजा दोन बागा शेजारी ठेवून बघायच्या आहेत) तर एकीचं क्विंटल दुसरीत जाणार नाही. सरसकट सगळं स्टोअरमध्ये ढकललं की नेमकी हीच पंचाईत होते.

नंदुरबारी_मिरची

वाचनखूण साठवली. छान चाललाय धागा.

चोपडेकर

थोडं अवांतर. टॅगचं नाव मराठीत ठेवता येतं हे किती जणांना माहीत आहे? नियम असा: पहिलं अक्षर इंग्रजी छोट्या लिपीतलं हवं, मोठं अक्षर कुठेही नको, आणि मध्ये एक आडवी रेघ हवीच. त्या पहिल्या अक्षरानंतर देवनागरी चालते. मी इंग्रजी एक्स, मग रेघ, मग देवनागरीत 'भाव' असा टॅग केलेला आहे आणि तो गुमान चालतो.

भुसावळ_जंक्शन

चालतं म्हणून करायचंच असं नाही. उद्या तो वर्डप्रेसवाला कीबोर्ड बदलता येत नाही म्हणून तुमच्या दारात येईल. नाव इंग्रजी लिपीत ठेवा, आत मजकूर मराठीत दाखवा.

पांझराकाठ

मराठीवरून आठवलं, आकडे सांभाळा. जावास्क्रिप्टच्या इंटल नंबरफॉरमॅटला मराठी-भारत लोकेल (भाषा-देश) दिलं की आकडे देवनागरीत येतात आणि स्वल्पविरामही लाख-कोटींच्या हिशेबाने पडतात, १,२५,००० असे. दिसायला झकास. पण तोच मजकूर परत वाचून गणित करायला गेलात तर नंबर फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत, एनएएन ('संख्या नाही') हातात येतं. इनपुटमध्ये कुणी मराठी कीबोर्डने १२ टाकलं तरी तीच गत.

तेव्हा स्टोअरमध्ये नेहमी शुद्ध संख्या. देवनागरी फक्त दाखवताना, शेवटच्या पायरीला. आणि इनपुट वाचताना देवनागरी अंक आधी बदलून घ्या, एका रिप्लेसचं काम आहे.

केळीचं_पान

पांझराकाठ भाऊ, हे आधी कळलं असतं तर एक रविवार वाचला असता.

पुणे_रिटर्न

थोडा विरोधी सूर लावतो. इतका खटाटोप करण्यापेक्षा व्ह्यू घ्या, रिॲक्टसारखंच पण वेगळं फ्रेमवर्क. ३.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, डिफाइनकस्टमएलिमेंट आहे. व्ह्यूचा घटक जसाच्या तसा कस्टम एलिमेंट होऊन बाहेर पडतो, रिॲक्टिव्हिटी आतच असते. स्वेल्टमध्येही तशी सोय आहे. लिट, सिग्नल्स, इव्हेंट असा काला करण्यापेक्षा एकच पदार्थ नीट शिजवा.

भुसावळ_जंक्शन

मग व्ह्यूचा रनटाइम (त्याचा स्वतःचा कोड) प्रत्येक पानावर जाणार. अप्पांच्या फोनचं काय?

पुणे_रिटर्न

तिन्ही टॅगना मिळून रनटाइम एकदाच जातो, प्रत्येक टॅगला वेगळा नाही. आणि खरं सांगू का, ज्या पानावर दोन-दोन एमबीचे केळीचे फोटो आहेत तिथे लायब्ररीच्या केबी मोजण्यात अर्थ नाही. आधी फोटो लहान करा.

केळीचं_पान

फोटोंचं लागलं. घडांचे फोटो अप्पा स्वतः फोनवरून चढवतात, त्यांना नाही म्हणवत नाही.

चोपडेकर

पुणे_रिटर्न, व्ह्यू वाईट नाही, पण प्रश्न स्टोअरचाही आहे. तिन्ही टॅग एकाच बंडलमध्ये (एकत्र बांधलेली स्क्रिप्ट फाइल) असतील तर कशानेही जमेल. खरी मजा येते ती एकाच पानावर दोन बंडल आली की. वर्डप्रेसवर हे सर्रास होतं: एका प्लगिनने फलक आणला, दुसऱ्याने चौकट, दोघांनी आपापली प्रत आणली. मग दोन भानगडी होतात.

पहिली: तेच नाव दुसऱ्यांदा डिफाइन केलं की ब्राउझर एरर फेकतो आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते. म्हणून आधी कस्टमएलिमेंट्सच्या गेटने विचारायचं, नसेल तरच डिफाइन करायचं.

दुसरी जास्त छुपी. स्टोअर मॉड्यूलमध्ये असेल तर प्रत्येक बंडलचं स्टोअर वेगळं. फलक एका स्टोअरला चिकटलेला, चौकट दुसऱ्याला. एरर काही येत नाही, फक्त एकात नवा भाव आणि दुसऱ्यात जुना. सिग्नल्स लायब्ररीच्याच दोन प्रती आल्या तर एकीचा इफेक्ट दुसरीचा सिग्नल टिपत नाही, कारण कोण कुणाला वाचतंय याची नोंद ज्या त्या प्रतीत असते.

मेहरूण

+१. यावर दोन वाटा आहेत. एक: स्टोअर टॅगला प्रॉपर्टी म्हणून बाहेरून द्यायचं. दोन: वरती एक पालक टॅग ठेवायचा आणि आतल्या टॅगने जोडलं जाताना 'मला भावाचं स्टोअर द्या' असा इव्हेंट वर सोडायचा. पालक तो अडवतो आणि स्टोअर हाती देतो. वेब कंपोनंटवाल्या मंडळींनी यासाठी कॉन्टेक्स्ट-रिक्वेस्ट नावाचा इव्हेंट ठरवून घेतला आहे, लिटचं कॉन्टेक्स्ट पॅकेज त्यावरच चालतं. इव्हेंट बबल होणारा (वर चढत जाणारा) आणि कंपोझ्ड (भिंत ओलांडणारा) हवा, नाहीतर शॅडो डॉमच्या, म्हणजे टॅगच्या पानापासून वेगळ्या ठेवलेल्या आतल्या भागाच्या, भिंतीशी अडतो.

प्रॉपर्टीच्या वाटेवर एक खड्डा आहे. पानाने टॅगवर प्रॉपर्टी आधी लावली आणि तुमची स्क्रिप्ट उशिरा आली, तर ती प्रॉपर्टी त्या एलिमेंटवर तशीच पडून राहते आणि तुमच्या क्लासमधल्या सेटरला (किंमत लावताना चालणारं फंक्शन) झाकून टाकते. सेटर कधी चालतच नाही. म्हणून कनेक्टेडकॉलबॅकमध्ये बघायचं: अशी स्वतःची प्रॉपर्टी आहे का? असेल तर किंमत काढून घ्या, ती डिलीट करा, परत लावा. आता सेटरमधून जाईल.

नंदुरबारी_मिरची

एक बाळबोध प्रश्न. सबस्क्राइब कन्स्ट्रक्टरमध्येच (टॅग तयार होतानाच चालणारं फंक्शन) का नाही करायचं? तिथे एकदाच होतं, सोपं.

भुसावळ_जंक्शन

ताई, बाळबोध अजिबात नाही, निम्म्या लोकांचं इथेच चुकतं. एलिमेंट जन्मला म्हणजे पानावर आला असं नव्हे. कन्स्ट्रक्टर चालून तो कधीच पानावर न येण्याची शक्यता असते, मग सोडवणारं कुणी नाही. शिवाय कन्स्ट्रक्टरमध्ये ॲट्रिब्यूट किंवा मुलं जोडायची नसतात. क्रिएटएलिमेंटने टॅग तयार करताना तसं केलं तर ब्राउझर तक्रार करतो.

आणि कनेक्टेड-डिसकनेक्टेड एकदाच होतं असंही धरू नका. यादी भावानुसार वरखाली लावली, टॅग एका जागेवरून दुसरीकडे हलवला, की आधी डिसकनेक्टेड, मग लगेच कनेक्टेड. म्हणून जोडणं-सोडणं कितीही वेळा झालं तरी चालेल असं लिहा. क्रोमने २०२५ मध्ये मूव्हबिफोर आणलंय, त्यात टॅगमध्ये कनेक्टेडमूव्हकॉलबॅक लिहिला असेल तर न तोडता हलवता येतं, पण सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका.

पांझराकाठ

आणि जोडताना सध्याची किंमत एकदा वाचाच. टॅग पानाबाहेर असताना भाव बदलला असेल तर तो निरोप हुकलेला असतो. यात लायब्ऱ्यांच्या रीती वेगवेगळ्या. नॅनो स्टोअर्समध्ये सबस्क्राइब केलं की लगेच एकदा हाक येते, लिसन केलं तर पुढच्या बदलालाच. रिडक्स आणि झुस्टांड पहिल्यांदा गप्प राहतात, किंमत आपण मागून घ्यायची. सिग्नल्सचा इफेक्ट आणि मॉबएक्सचा ऑटोरन लगेच चालतात. फलक रिकामा दिसतो आणि भाव बदलला की मग भरतो, अशी तक्रार आली तर नव्वद टक्के दुखणं हेच.

शेवभाजी_तिखट

नव्वद टक्के कुठून आणले पांझराकाठ भाऊ?

पांझराकाठ

मनातून. ऐंशी करा.

पुणे_रिटर्न

निर्यातवाल्यांच्या रिॲक्ट ॲपबद्दल कुणी बोललंच नाही. कोणती आवृत्ती आहे? १९ असेल (डिसेंबर २०२४ ची) तर चिंता नाही. एलिमेंटवर त्या नावाची प्रॉपर्टी असेल तर रिॲक्ट ती प्रॉपर्टी म्हणूनच देतं. त्याआधीच्या आवृत्त्या कस्टम एलिमेंटला सगळं ॲट्रिब्यूट म्हणून देतात. स्टोअर दिलंत तर तिथे 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' असा मजकूर दिसेल. कस्टम इव्हेंटसाठीही रेफ (खऱ्या एलिमेंटचा पत्ता) घेऊन हाताने लिसनर लावावा लागतो.

केळीचं_पान

१८ आहे. म्हणजे रेफ आला.

चोपडेकर

एक छोटा रॅपर घटक लिहून टाका. रेफ घ्यायचा, इफेक्टमध्ये प्रॉपर्टी लावायची. बाकी ॲपला कळायचंही कारण नाही.

मेहरूण

शॅडो डॉम वापरताय का? वर्डप्रेसवर वापराच. तिथली थीम टेबलांना आणि बटणांना काय काय रंग फासते ते विचारू नका, शॅडोच्या आत ते पोचत नाही. फॉन्ट आणि मजकुराचा रंग मात्र वारशाने आत येतात, त्यामुळे मराठी फॉन्ट वेगळा लावायची गरज नाही. व्यापाऱ्याला आपला रंग हवा असेल तर सीएसएस व्हेरिएबल द्या, ती भिंतीतून आत जातात.

पण चौकटीतलं क्विंटल पीएचपीच्या फॉर्मबरोबर सर्व्हरला जायला हवं असेल तर थांबा. शॅडोच्या आतला इनपुट बाहेरच्या फॉर्मला दिसत नाही. एलिमेंटइंटर्नल्स वापरून टॅगलाच फॉर्मचा घटक करावं लागतं. सफारीत हे १६.४ पासून, मार्च २०२३ पासून आहे.

केळीचं_पान

फॉर्म नाहीये, फक्त हिशेब दाखवायचा आहे. सुटलो.

आबा_रावेर

येक इचारतो. लाइट गेली, नेट गेलं, तर तुमचा बोर्ड काय दाखवीन? कालचा भाव आजचा म्हनून दाखवला तर लय नुकसान व्हईन.

भुसावळ_जंक्शन

आबा, तुम्ही आमच्याकडे टेस्टिंगला लागा.

केळीचं_पान

खरंच. आबा, सध्या तो शेवटचा आकडाच दाखवत बसतो. बदलतो. भावाबरोबर तो कधीचा आहे ती वेळही स्टोअरमध्ये ठेवतो. तारीख आजची नसेल तर आकडा फिका आणि वर मोठ्या अक्षरात 'कालचा भाव'. चौकटीत रक्कम काढायचीच नाही, रेघ दाखवायची.

मेहरूण

'शिळा आहे का' हेसुद्धा कंप्युटेडच. फक्त घड्याळ हा सिग्नल नसतो, हे लक्षात ठेवा. रात्री बारा वाजले म्हणून काही आपोआप चालणार नाही. दर मिनिटाला 'आत्ता'चा एक सिग्नल हलवावा लागेल. तो टायमर स्टोअरमध्ये एकच ठेवा, प्रत्येक टॅगमध्ये नको.

पुणे_रिटर्न

सिग्नल्स जावास्क्रिप्टमध्येच येणार आहेत ना? मग थांबावं का?

चोपडेकर

प्रस्ताव टीसी३९ कडे (जावास्क्रिप्टचे नियम ठरवणारी समिती) एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या टप्प्यात गेला. पहिला टप्पा म्हणजे 'विषय विचार करण्यासारखा आहे' एवढंच. त्याची वाट बघत केळी पिकवू नका, काळी पडतील. आज लायब्ररी घ्या, पण ती एकाच फाइलमागे ठेवा. टॅगनी त्या फाइलशी बोलायचं, लायब्ररीशी नाही. उद्या बदलायची झाली तर एकच फाइल बदलेल.

भुसावळ_जंक्शन

ही फाइल म्हणजे माझ्या वीस ओळीच ना शेवटी?

चोपडेकर

हो, वीस ओळी आणि आत सिग्नल्स. जिंकलात.

केळीचं_पान

आज बसून केलं. इथे लिहून ठेवतो, कुणाला लागलं तर.

लिट घेतलं नाही. तीन टॅग, प्रत्येकी थोड्याच जागा, त्यामुळे टेम्प्लेट एकदा क्लोन करून स्पॅनचे इफेक्ट हाताने लिहिले. टॅग वाढले तर चोपडेकरांचं ऐकणार. स्टोअरला प्रिॲक्ट सिग्नल्सचा गाभा, एका फाइलमागे झाकलेला. जाहीर भाव आणि त्याची वेळ एवढंच सामाईक, सौदा चौकटीच्या पोटात. जोडताना इफेक्ट लावतो, परत आलेली डिस्पोज फंक्शन (इफेक्ट बंद करणारी) एका यादीत टाकतो आणि सोडताना यादी चालवून रिकामी करतो. वर्डप्रेसवर पालक टॅगने स्टोअर देतो. रिॲक्टमध्ये रॅपर झाला.

कर्सर उडायचा थांबला. अप्पांच्या फोनवर बघितलं, टाइप करत असताना मुद्दाम भाव बदलून पाहिला, क्विंटल जागेवर. फोटो मात्र अजून तेवढेच आहेत.

राहिलेलं: आलेख. तो कॅनव्हासवर आहे, दर बदलाला पूर्ण काढतो. सध्या रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेममध्ये ढकललाय आणि आधीच ढकललेला असेल तर पुन्हा ढकलत नाही, म्हणजे एका फ्रेमला एकदाच.

नंदुरबारी_मिरची

दादा, हाच फलक मिरचीला चालेल का? आमच्याकडे ओल्या लाल मिरचीचा भाव वेगळा, सुक्या मिरचीचा वेगळा. नवती-पिलबाग वगैरे काही नाही.

केळीचं_पान

ताई, फलक चालेल. प्रतींची यादी सर्व्हरकडूनच येते, टॅगमध्ये कुठेही नवती लिहिलेलं नाही. चौकट मात्र चालणार नाही, तिचं गणित केळीचं आहे. ते फंक्शन बाहेरून प्रॉपर्टी म्हणून देता येईल असं करतो. ॲट्रिब्यूटमधून जमणार नाही, तिथे फक्त मजकूर जातो. तुमच्याकडे वजनातून काय काय कापतात आणि कोणत्या क्रमाने, तेवढं इथे लिहा.

नंदुरबारी_मिरची

उद्या बाबांना विचारून लिहिते. क्रमावरून त्यांचं आणि काकांचं भांडण आहे, दोन्ही रीती पाठवू का?

केळीचं_पान

दोन्ही पाठवा.